बापूकाकांना चालतं ठेवण्याचा गल्लीचा उद्योग

कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत रोज सकाळी येते, त्यामुळे कचरा साचत नाही. गोष्टी न्यायला मात्र कोणाचीच गाडी येत नाही. त्या माझ्या ओट्यावर साचतात. मी ओट्यावर गहू निवडायला बसते, हे लोकांना खरं वाटत नाही.

सध्या साचल्यात त्या बापूकाकांच्या. काका माझ्या शेजारचे. जन्मभर भातकुलीकडे भाजीचा मळा केला, आता अमरावतीत आमच्या गल्लीत एकटे राहतात. उन्हाळ्यात तापानं पडले आणि उठले ते निम्मेच. भिंत धरून चालायला लागले. पुण्याचा मुलगा सुनील फोनवर म्हणाला, "दिवाळीला येतो. बाबा धड चालताना दिसले नाहीत, तर सोबतच घेऊन जातो."

काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "शोभा, त्याचा फ्लॅट लय वर हाय वं. खाली पायलं का चक्कर, वर पायलं का पंखा. मी तिथं काय करू?"

झालं. दिवाळीपर्यंत काकांना चालतं करायचं काम गल्लीनं अंगावर घेतलं.

* * *

सुरुवात आम्ही उलटीच केली. दूध एकीनं आणायचं, पोळ्या दुसरीनं, भाजी मी. आमच्याकडे दुखणेकऱ्याला पाण्याचा गिलासही हातात द्यायची रीत. काकांना खाटेवरून हलायचं कारणच उरलं नाही. महिनाभरानं त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय करता?"

"काईच नाही. सारं गल्लीच करते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमच्या गल्लीची तब्येत उत्तम आहे. यांचे पाय तेवढे चाललेत."

* * *

आता एकदम सेवा बंद कशी करणार? काकांना वाईट वाटलं असतं. म्हणून मी भाजी आणणं सुरूच ठेवलं, फक्त वाईट आणायला लागले. मऊ पडलेली भेंडी, पिवळी मेथी. काकांनी दोन दिवस ती नुसती बाजूला सारली. तिसऱ्या दिवशी मी भरताचं वांगं नेलं. त्यांनी ते हातात घेऊन दाबलं, कानाशी नेलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते पिकवलं होतं.

"हे वांगं हाय का बियाचं पोतं? तुह्या नवऱ्याले हेच चारतं का?"

"मले नाही समजत, काका. तुमीच पाहा."

काकांनी काठी उचलली आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीपर्यंत गेले. येताना बाजूच्या तीन गिऱ्हाइकांनाही वांगी निवडून देऊन आले. नवरा मात्र आठवडाभर माझ्यावर चिडून होता. काकांनी नाकारलेली सगळी भाजी आमच्याच घरी शिजत होती.

* * *

त्यातच गल्लीत सिमेंटचा नवा रस्ता झाला. जुना न उकरता त्याच्याच उरावर. सगळ्यांचे उंबरठे खाली गेले. काकांच्या दारात तर गुडघाभर चढ. आम्ही सगळ्यांनी मिळून विटांची पायरी लावली, शेजारी धरायला पाइप रोवला. इंजिनिअरसाहेब पाहणीला आले तेव्हा काका पाइप धरून वर चढत होते.

"आजोबा, रस्ता कसा झाला?"

"मस्त, साहेब. आंदी घराबाहेर उतरत होतो, आता चढून राह्यलो. म्हाताऱ्याईसाठी सरकारनं दारातच जिम देली."

* * *

मधे अकोल्याच्या मुलीनं त्यांना पंधरा दिवस नेलं. नवी कॉलनी, गुळगुळीत फरशी, बगीचा, सावली, जागोजागी बाक. आमच्या गल्लीसारखे कुत्रे नाहीत, गायी नाहीत, आडव्या लावलेल्या गाड्या नाहीत. आम्हाला वाटलं, काका आता पळतच येतात. आले ते ऑटोतून दोघांच्या आधारानं.

"काहून, काका? तिथं फिरले नाही का?"

"कोणाकडे फिरू? बाक लय होते. बसलेलं कोणी नोतं."

* * *

मग आम्हीच सोय केली. कोपऱ्यापर्यंत घराघरासमोर एकेक प्लास्टिकची खुर्ची. काकांनी थोडं चालायचं, बसायचं, चार शब्द बोलायचे, पुन्हा चालायचं. अडचण एकच. मधलं घर कमलाबाईचं, आणि शेवग्याच्या एका फांदीवरून दोघांचं बोलणं बंद. तिनंही खुर्ची ठेवली होती, पुसूनसुद्धा. काका तिच्यासमोरून मान ताठ करून जायचे आणि थेट पलीकडच्या खुर्चीवर टेकायचे. बाकी कुठं दमले तरी तिथं कधी दमले नाहीत.

मी कमलाबाईला म्हटलं, "आता तरी बोलून घ्या."

ती म्हणाली, "येडी हाय का तू? बोलली तर बसतीन न ते."

* * *

दिवाळीला सुनील आला तो दोघांची परतीची तिकिटं काढूनच. संध्याकाळी अंगणात काका खुर्चीवर, समोर सुनील, आणि सगळी गल्ली काही ना काही मागायच्या निमित्तानं आमच्या ओट्यावर.

"बाबा, जरा चालून दाखवा."

काका हलले नाहीत. मी खुणावलं, तरी नाही.

"बजारात बैल घ्याले आला काय? चालून दाखवू, दात दाखवू?"

"तसं नाही, बाबा. मला काळजी वाटते."

"मलेबी वाटते. तू चालून दाखव."

सुनील हसला. काका हसले नाहीत. शेवटी तो बिचारा उठला, पायरी चढून रस्त्यावर आला आणि चालू लागला. काका काठी घेऊन त्याच्या मागे. "खांदे कायले पाडले? पाय घासू नको. फोन खिशात ठेव. हे पोट कवा आलं?" असं बोलत बोलत कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. मधे एकदाही टेकले नाहीत. सुनील आला तो माझ्या ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं.

काका उभेच होते. त्याचं पिणं होईपर्यंत पाहत राहिले. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "शोभा, पोरगं लय खचलं वं. तिकिटं परत कर म्हण त्याले. याले काही दिवस इथं ठेवा लागते. पुण्यात याच्याकडे पाहाले कोणी नाही."