मासे न मारण्याचा नवस

केरीच्या धक्क्यावर शिवदासला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि ती ओळख काही त्याच्या नोकरीची नव्हती. गोवा राज्य झालं त्यानंतर लवकरच तो तेरेखोलच्या फेरीबोटीवर खलाशी म्हणून लागला. दोर टाकायचा, फळी उतरवायची, स्कूटरी एका बाजूला लावून घ्यायच्या, एवढंच काम. पण बोट धक्क्याला लागून माणसांची वाट बघत उभी राहिली की त्याच्या हातात गरी यायची. गरी म्हणजे गळ. ड्युटी सुटल्यावर तो घरी न जाता सरळ खडकावर जाऊन बसे, तो भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत. त्याच्या बायकोने, शेवंतीने, लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं, की या माणसाला हाका मारून उपयोग नाही; हुमणाचं, म्हणजे माशाच्या आमटीचं, वाटण करून ठेवावं आणि गप्प वाट बघावी.

त्यांची मुलगी गौरवी दुसरीत असताना तिला पहिल्यांदा फिट आली. अंगणात खेळता खेळता पोर कोसळली, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. शिवदास तेव्हा खडकावरच होता. त्यानंतर एकामागून एक फिटी येत राहिल्या. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या. शेवंतीने गोळ्याही चालू केल्या आणि नवऱ्याला हाताला धरून देवीच्या देवळातही नेलं.

गावचा गुरव सगुण हा शिवदासच्या वडिलांच्या वयाचा. गाऱ्हाणं घालण्याआधी त्याने विचारलं, "देवीक काय देतलंस? नारळ सगळेच देतत."

शिवदास म्हणाला, "मी मासे मारूचे सोडतंय."

गुरवाने त्याच शब्दांत गाऱ्हाणं घातलं. पोरीला बरं वाटू दे, हा तुझा लेक आजपासून मासे मारणार नाही. फिटी हळूहळू कमी झाल्या आणि मग थांबल्याच. गोळ्यांनी थांबल्या की देवीने थांबवल्या, हा हिशेब त्या घरात कोणी मांडला नाही. दोन्ही चालू ठेवायचं, एवढं ठरलेलं होतं.

शिवदासचे मात्र हाल झाले. बोट उभी राहिली की हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. लोकांना कठड्यावरून गऱ्या टाकताना बघून तो तोंड फिरवून तंबाखू मळत बसे.

अशात केरीच्या किनाऱ्यावर एक गोरा पाहुणा येऊ लागला. चांगली लांब काठी, रीळ, डोक्यावर टोपी. शिवदासच्या डोळ्यांदेखत त्याने एक भली मोठी तांबोशी ओढून आणली, हात पाण्यात ओले केले, गरी अलगद काढली आणि मासा परत खाडीत सोडला. वर समाधानाने हसला. धक्क्यावरच्या बायका म्हणाल्या, याचं डोकं फिरलंय. शिवदास मात्र जागचा हलला नाही. तो रात्रभर एकाच शब्दाभोवती फिरत राहिला. मी मासे *मारणार* नाही म्हटलं होतं. धरणार नाही असं कुठे म्हटलं होतं?

परत जाताना गोऱ्याने जुनी काठी शिवदासला देऊन टाकली. गरीचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकायचा, म्हणजे सोडताना माशाचा ओठ फाटत नाही, हेही दाखवलं. शिवदास पुन्हा खडकावर दिसू लागला. मासा धरायचा, बघायचा, सोडायचा. सोमवार, गुरुवार, श्रावण, काही आड येईना, कारण घरात खवल्याचाही विटाळ नव्हता. बोटीवरच्या सोबत्यांनी त्याच्या गरीला "शिवराक गरी", म्हणजे शाकाहारी गळ, असं नाव ठेवलं.

"शिवदासा," ते म्हणत, "राजभाषेचो वाद एक दिवस मिटलो, पण तू मासे मारतंस की नाय ह्यो वाद काय मिटणा नाय."

"मारणंय नाय," शिवदास म्हणे, "भेटतंय तेंका."

शेवंतीला हे कळलं होतं. तिने विचारलं नाही. घरात मासा येत नव्हता आणि पोर बरी होती. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

गौरवी पाचवीत गेली. गोळ्यांनी तिला झोप येई. वर्गात बाकावर डोकं टेकायची, बाई ओरडायच्या, मैत्रिणी "झोपाळू" म्हणून चिडवायच्या. त्या पावसाळ्यानंतर डॉक्टर म्हणाले, आता बराच काळ फिट नाही. गोळी अर्धी करून बघू, जमलं तर पुढे बंदच करू. गौरवी परतताना बसमध्ये गाणी म्हणत आली. सोमवारपासून अर्धी गोळी सुरू करायची, असं शेवंतीने ठरवलं.

त्या शनिवारी संध्याकाळी शिवदासच्या गरीला चणाक लागला. असा मासा त्याने आयुष्यात धरला नव्हता. दोर बारीक होता, जोर केला तर तुटणार. म्हणून तो मासा पळेल तसा दोर सोडत राहिला, थकला की ओढत राहिला. सूर्य बुडाला तरी खेळ चालूच होता. काठावर माणसं जमली. खरं तर मध्येच एकदा मासा पार खडकाजवळ आला होता, तेव्हाच उचलता आला असता. शिवदासने त्याला पुन्हा एकदा जाऊ दिलं. का, ते त्याला तेव्हा कोणी विचारलं नाही. शेवटी त्याने तो हातात घेतला, सगळ्यांना दाखवला आणि सोडला. मासा थोडा आडवा झाला, मग संथपणे आत गेला.

रविवारी सकाळी मासेवाली सत्यवती पाटी डोक्यावर घेऊन शिवदासच्या दारात उभी राहिली. पाटी रिकामीच होती.

"शेवंते, घोव खंय तुझो?"

शिवदास बाहेर आला.

"वाळवंटार येऊन बघ. तुझो पावणो आयलो हा."

"कोण पावणो?"

"काल ज्येका भेटलंस तो. कुत्र्यांनी पोट फाडल्यान हा. चार घरांचा हुमण झाला असता रे. मीव मासे इकतंय, माझ्याव हातान मरतत. पण मरतत ते कोणाच्या तरी पोटात जातत. तू दमवन मारतंस, आणि वर हात धुवन देवमाणूस."

"मी जितो सोडलंय तो. सगळ्यांनी बघितला."

"बघितला ना सगळ्यांनी. मगे आता मेलेलोव बघूक ये."

तो गेला. तोच मासा होता. चेपलेल्या काट्याने केलेली लहानशी जखम ओठावर होती. एवढ्याने मासा मरत नाही. तो दमून मेला होता.

घरी आला तेव्हा शेवंती चुलीपाशी पाठमोरी होती. "उद्याची गोळी पुरी देतलंय," ती म्हणाली.

"डॉक्टर अर्धी म्हणाले."

"डॉक्टराक नवस म्हायत नाय."

"नवस मोडलो नाय. मी मारूक नाय तो."

"मगे कोणी मारल्यान? कुत्र्यांनी?"

सोमवारी पूर्ण गोळी, मंगळवारीही पूर्ण. अर्धी का नाही, असं गौरवीने विचारलं, तर शेवंतीने पाण्याचा पेला पुढे केला. बुधवारी शाळेतून बाईंचा निरोप आला, की पोर परीक्षेच्या पेपरावरच झोपली. ती घरी येऊन दप्तर न काढताच भिंतीकडे तोंड करून बसली. शिवदास तिच्याशेजारी बसला तर सरकली.

त्या संध्याकाळी तो गुरवाकडे गेला. सगुण देवळाच्या पायरीवर वाती वळत होता.

"काका, तुमी गाऱ्हाण्यात मारूचे म्हटलास. मारूचे म्हणजे काय धरलास?"

"सगळो गाव काय धरता ता. मासे मारूक जाता म्हणजे गरयेक जाता."

"पण मारणा म्हणजे जीव घेणा."

"तसाव होता." सगुणने वात दिव्यात ठेवली. "देवीन काय आयकल्यान ता माका कसा कळतला? शब्द तुझो. मी फकत मोठ्यान म्हटलंय."

"आता काय करू?"

"केलंस ता कबूल कर आणि पदर पसर. आई ती. पण केलंस काय ता तुका सांगूक व्हया. माफी कसली मागतंस ता नसताना गाऱ्हाणा कसा घालतलंय मी?"

शिवदास उठला. वाटेत त्याने मनाशी पुष्कळ वाद घातला. तो एक चणाक मेला, पण आधीचे? ते सगळे आडवे होऊन, मग संथपणे आतच गेले होते. आत जाऊन काय झालं, हे त्याने कधी बघितलं नव्हतं. खडकावरून तेवढंच दिसतं. मासा मारला म्हणावं तर एवढ्या दिवसांचे सगळेच अंगावर येत होते. नाही म्हणावं तर पोर भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. आणि शनिवारी जवळ आलेला मासा आपण पुन्हा जाऊ दिला तो त्याचा जीव वाचावा म्हणून नव्हे, खेळ आणखी चालावा म्हणून, हे तर त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. एक घासही न खाता त्याचं पोट भरलं होतं.

घरी शेवंती गोळ्यांची पट्टी घेऊन उभी होती.

"मी मारलंय," तो म्हणाला.

पट्टीतून गोळी काढता काढता तिने वर बघितलं.

"चणाक मी मारलंय. आदलेव किती मारलंय, माका म्हायत नाय. उद्या सगुणकाका गाऱ्हाणा घालतलो. काठी देवन टाकतंय. आज अर्धी दी तिका."

"आणि काय झाला तर?"

शेवंतीने विळीच्या पात्यावर गोळी ठेवून तिचे दोन तुकडे केले. एक गौरवीच्या हातावर दिला आणि दुसरा कागदात गुंडाळून पदराच्या गाठीला बांधला, हाताशी असावा म्हणून.

गौरवी जेवली आणि दिव्याखाली पाढे लिहायला बसली. शेवंती समोर तांदूळ निवडू लागली; शिवदासला काही कामच नव्हतं. दोघंही पोरीच्या हाताकडे बघत होते. एकदा पेन्सिल तिच्या हातातून सुटून जमिनीवर घरंगळली. तांदळाचं सूप उलटं झालं, शिवदास उठून उभाच राहिला.

"घाम आयलो गो हाताक," गौरवी म्हणाली आणि पेन्सिल उचलून पुढचा पाढा लिहू लागली.

शिवदास खाली बसला. शेवंतीने सांडलेले तांदूळ गोळा करायला घेतले, पण नजर तिने पोरीवरून काढली नाही.