सदूनं केलेल्या खुर्च्या

सदू गेल्याचं मला साताऱ्याच्या मोटारस्टँडवर कळलं. त्याचा धाकटा भाऊ शंकर वाईच्या गाडीतून उतरला आणि रडतच म्हणाला, "आवं दादा, आमचा आण्णा गेला... ताप उतरलाच न्हाई." डोळे पुसत पुढं म्हणाला, "सांगलीच्या शेटजींना तार केलीया." शेटजींचं नाव ऐकलं आणि दुःखाच्या आधी मला शिसारी आली.

सदू माझा बालमित्र. लढाईच्या दिवसांत आम्ही दोघंही सांगलीला गेलो. मी छापखान्यात लागलो, तो या शेटजींच्या फर्निचरच्या दुकानात. खुर्च्यांच्या पायांना सिंहाचे पंजे, पाठीवर द्राक्षांचे घोस... हात असा बसला की गिऱ्हाईक त्याचंच काम मागे. पण लाकूड किडकं आलं की शेटजी भोकांत लांबीचा लगदा भरून वर काळंभोर पॉलिश मारायला लावत. एकदा मी गेलो तर अशाच एका पंजाखालून पिवळा भुगा गळत होता. त्या पॉलिशचा आणि सडक्या लाकडाचा मिसळलेला वास अजून माझ्या नाकातून जात नाही. "गड्या, ह्या हातानं भाकरी खाववत न्हाई," सदू म्हणाला. पुढं तीच खुर्ची विश्रामबागेतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगाखाली मोडली, त्यांचं मनगट गेलं. शेटजी हसून म्हणाले, "बाईंचं वजन बघा की!" सदूनं तिथल्या तिथं हत्यारांची पिशवी उचलली.

वाईजवळच्या आपल्या गावी तो परतला, तेव्हा आईचे गुडघे धरले होते. भिंतीचा आधार घेतल्याशिवाय तिला जमिनीवरून उठता येईना. सदू कितीतरी दिवस तिचं उठणं-बसणं नुसतं बघत राहिला. मग बैलगाडीच्या चाकाखेरीज जिला कुणी विचारत नाही, त्या बाभळीची त्यानं एक बुटकी, रुंद खुर्ची केली. नक्षी नाही, रंग नाही. खुर्चीचे हात मात्र लांब आणि गोल, उठताना तळव्यात मावतील असे. गाव हसलं. आई भिंतीला न धरता उठली. "आता मानूस बगूनच खुर्ची करायची," तो मला म्हणाला, आणि शेवटपर्यंत त्यानं तसंच काम केलं.

सदूच्या अंगणातल्या शोकसभेत शेटजी गहिवरून बोलले, "सदाशिव माझ्या हाताखाली घडला... मुलासारखा." लोकांनी माना डोलावल्या. सभा संपताच ते थेट घरामागच्या, सदू काम करायचा त्या छपरात शिरले. सदूची शेवटची खुर्ची तिथं होती, पाठ बसवायची राहिलेली. तिच्यावर बोट फिरवत शेटजी म्हणाले, "ही मी नेतो. पॉलिश मारून दुकानात दर्शनी ठेवतो. त्याचं नाव राहील."

आई आली आणि त्या खुर्चीवर बसली.

"अहो, पाठ नाही हो तिला!" शेटजी म्हणाले.

"नसंना. मी बसलीया न्हवं? तुमी जावा."

शेटजी गेले. आई अजून रोज दुपारी त्या छपरात, त्याच खुर्चीवर बसते. टेकायला काही नाही, म्हणून ताठ.