पाहिलं की धरलं?

माझ्या धाकट्या दिरांइतका संशयी माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा जन्मला नसेल, आणि या संशयाचा त्यांना पगार मिळतो. पुण्यात ते रेल्वे सिग्नलचे संगणकी प्रोग्राम तपासतात. इतर लोक प्रोग्राम चालवून बघतात. हे गणितानं सिद्ध करतात, की अमुक अपघात त्यात घडूच शकत नाही. ही खोड घरीही सुटत नाही. गॅस बंद केला म्हटलं की विचारतात, "वहिनी, पाहिलं की धरलं?" म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, की नुसतं गृहीत धरलं. मुलगी पसंत आहे का, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "विरुद्ध काही सापडलेलं नाही." ती मुलगी आता माझी जाऊ आहे; तिनं अजून निकाल दिलेला नाही.

देवळीजवळची आमची कापसाची जिनिंग मी चालवते. यंदा नवा प्रेस घेतला. पेटीत रुई भरायची, दार लावायचं, वरून दट्ट्या उतरतो आणि गाठ तयार होते. दार उघडं असताना दट्ट्या हलता कामा नये, कारण अडकलेली रुई सोडवायला आमचा शंकर पेटीत खांद्यापर्यंत हात घालतो. दिवाळीला आलेले भाऊजी प्रेसच्या प्रोग्रामला असे चिकटले, की फराळाचं ताटही तिथंच न्यावं लागलं. शेवटी म्हणाले, "सिद्ध झालं. विजेची लाइन गेली-आली तरी शंकरचा हात सुरक्षित."

मुहूर्ताच्या सकाळी फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. मोटर चालू केलेली, पूजा मांडलेली. नारळ फुटणार, तेवढ्यात भाऊजींना प्रेसच्या बटणावर, ते दाबलेलंच राहील अशी घट्ट बांधलेली चिंधी दिसली.

"हे काय?"

"ऑटो आहे जी," फोरमन कौतुकानं म्हणाला. "लाइन आली की बटण दाबाले कोन धावते? वावरातल्या मोटरीले नाई का करत आपण?"

आमच्याकडे सगळं असंच चालतं. मलाही त्यात वावगं दिसलं नव्हतं. भाऊजींनी मात्र चिंधी चाचपून पाहिली. "लाइन गेली की माणूस बटणावरचं बोट काढतो, हे मी धरलं होतं," ते म्हणाले. "मुहूर्त थांबवा."

"काऊन थांबवलं बाई? टाइम टळून राह्यला!" गाडीवाले ओरडले. मीही चिडले. "भाऊजी, तुमचा संशय एक दिवस ही जिनिंग बंद पाडेल."

त्यांनी पूजेतला कोहळा उचलून पेटीत ठेवला, दार उघडंच ठेवलं आणि मेन स्विच पाडायला लावला. घरघर थांबली. शंकर सवयीनं पेटीकडे निघाला, तशी त्यांनी त्याची कॉलर धरली. "सोडा ना भाऊ, कालच्या ट्रायलची रुई काढून घेतो." त्यांनी सोडली नाही. स्विच वर गेला. मोटर गुरगुरली, आणि दार उघडं असतानाच दट्ट्या खाली आला. कोहळ्याचं पाणी माझ्या साडीपर्यंत उडालं.

"फोडाचाच होता तो," फोरमन म्हणाला. शंकर आपला उजवा हात डाव्या हातात धरून उभा होता.

लाइन आल्याच्या पहिल्या क्षणी मशीनला दार उघडं की बंद हे कळत नाही; तेवढ्यात दाबलेलं बटण दिसलं की झालं. भाऊजींनी प्रोग्राम बदलून घेतला: लाइन आल्यावर बटण एकदा सुटल्याशिवाय दट्ट्या हलायचाच नाही. तोवर निम्म्या गाड्या दुसऱ्या जिनिंगला गेल्या होत्या. ऑटो गेला म्हणून फोरमन अजून कुरकुरतो.

आता लाइन जाते, येते. शंकर पेटीत हात घालून गुणगुणत असतो, दट्ट्या वर तसाच थांबलेला. पुण्याहून भाऊजींचा फोन येतो.

"काय विशेष वहिनी?"

"काही नाही. सगळं ठीक."

पाहिलं की धरलं, असं ते पूर्वीसारखं विचारत नाहीत. मीच फोन तसाच कानाला धरून चप्पल घालते आणि प्रेसचं बटण बघून येते.

"पाहिलं," मी सांगते.