बोगद्यातलं जनावर
पुण्याच्या भुयारी मेट्रोच्या फलाटावर गार, ओलसर वास आला आणि वाघांच्या जंगलालगतच्या आमच्या मोहर्लीची एक दुपार आठवली. अंगणात मोहफुलं वाळत होती. आमच्याकडे वाघाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. या मेट्रोचं खोदकाम नुकतंच सुरू झालेलं, त्या कामावर गेलेल्या भावाचा फोन आला, "माय, बोगद्यात जनावर अडकलं, आमी त्याच्या मांगंच आहो," आणि फोन कटला. मी लावत राहिले, लागेना. चुलीवर भात करपला तरी माय हलली नाही. सांजेला त्याचाच फोन आला, हसत बोलला, "अवं, जनावर म्हंजे खोदायची मशीन! आमी गावचे पोरं तिले तसंच म्हणतो." माय हसली नाही. "नाव बदला तिचं," एवढंच म्हणाली. आज बोगद्याच्या अंधारात गाडीचे दोन दिवे चमकले, तसा शेजारी उभ्या मायनं माझा हात घट्ट धरला.