मी बंद केलेली सूचना

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला मी बऱ्याच लाजिरवाण्या गोष्टी सांगितल्या आहेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत, भेस्तानकडच्या एका कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात पहिला कम्प्युटर आला. त्याला हार घातला, नारळ फोडला. एसी खोलीत चपला काढून जायचं. मी त्या देवळाचा पुजारी — दारावर पाटी 'सिस्टम अ‍ॅनालिस्ट'. कसलं अ‍ॅनालिसिस? किती कापडाला किती रंग, एवढी चिठ्ठी छापायची.

चिठ्ठीच्या प्रोग्रॅममधला रंगाईचा भाग मी लिहिला होता, छपाईचा माझ्या जोडीच्या जयेशने. रंग किती लागेल ते काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला दोघांनीही नाव दिलं — 'प्रमाण'. आतली सूत्रं वेगळी. उद्घाटनाच्या सकाळी दोन्ही भाग जोडले, तर पडद्यावर सूचना: एकाच नावाचे दोन तुकडे आहेत, आधी आलेला धरला आहे. आधी आलेला जयेशचा; म्हणजे रंगाईलाही छपाईचंच सूत्र लागणार. उपाय साधा — माझ्या तुकड्याचं नाव बदलायचं, जिथे जिथे वापरलं तिथे दुरुस्त करायचं. तासाभराचं काम. पण बाहेर शेठ पाहुण्यांना पेढे वाटत होता. त्याला 'थांबा' म्हणायचं? मी? — सूचना दिसणंच मी बंद केलं.

भिका मास्तर डिंडोलीत राहायचे, मूळ धुळ्याकडचे. वीस वर्षं रंग तोलत होते. पहिली चिठ्ठी पाहून म्हणाले, "साहेब, रंग भलता जास्त शे. कागद चुकना."

"मास्तर, आता तरी अंदाजपंचे सोडा," मी म्हणालो. पाहुणे हसले. मास्तरांनी चिठ्ठीप्रमाणे रंग तोलला.

गुलाबी व्हायचं कापड गर्द किरमिजी निघालं. एक ताका नव्हे, सगळा लॉट.

मग — हो, मग — मी नाव बदललं, बरोबर चिठ्ठी छापली, जुनी फाडली आणि नवी शेठसमोर धरली. मास्तरांना आकडा वाचता आला नसेल, म्हणालो.

"कम्प्युटर खोटुं बोले, मास्तर?" शेठने विचारलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडदा पुसत होतो. पुसण्यासारखं त्यावर काय होतं?

हल्ली मी व्याख्यानं देतो: प्रत्येक नावाआधी भागाचं नाव लावा, सूचना वाचा. लोक वहीत उतरवून घेतात, बिचारे.

मास्तरांना कामावरून काढल्याचं पत्र मीच टाइप केलं. कारण काय लिहायचं, शेठने विचारलं. 'बेपर्वाई' — मी सुचवलं. शेठला नुसतं 'चूक' चाललं असतं.