मागची सीट रिकामी

मी जो काही शिकलो तो माझ्या थोरल्या चुलत्यांमुळे, नानांमुळे. हे आधी लिहून टाकतो आणि मग गाडीचं सांगतो.

आमचं गाव माण तालुक्यात. घरात मेंढरं, आणि पाऊस झालाच तर बाजरी. नाना चौथीपर्यंत शिकले आणि मेंढरांमागे हिंडू लागले. एका उन्हाळ्यात कळप घेऊन मिरजेकडे उतरले ते तिकडेच राहिले. एका डॉक्टरांकडे आधी फाटकावर होते, मग गाडी धुवायला, मग गाडी चालवायला. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी नानांना दिली. पांढरी, गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. पुढच्या दाराला एक छोटी तिकोनी काच आहे. ती फिरवली की वारा नेमका छातीवर येतो.

मिरजेत आपला माणूस आहे, त्याला दवाखाने ठाऊक आहेत आणि त्याच्याकडे गाडी आहे, एवढं आमच्या गावाला पुरेसं होतं. किराणा दुकानातून फोन यायचा आणि नाना निघायचे. मागच्या सीटवर एक वाकळ कायम घडी घालून ठेवलेली असे. कोणाला अडलेल्या बाळंतपणासाठी आणलं, कोणाला साप चावला म्हणून, कोणाला छातीत दुखलं म्हणून. बरीच माणसं बरी होऊन परत गेली. काही तशी गेली नाहीत, त्यांनाही त्याच गाडीतून नानांनीच गावी पोचवलं. नानांनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. पण गावात त्या गाडीचा हॉर्न वाजला की बायका तोंडाला पदर लावून दारात येत.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. नाना माझ्या वडिलांना म्हणाले, "ह्याला मी नेतो." मी त्यांच्या एका खोलीत राहून मिरजेत मॅट्रिक झालो आणि सांगलीच्या कॉलेजातून पदवीधर झालो. घराण्यातला पहिला. त्या सगळ्या वर्षांत नानांनी मला एकदाही गाडी पुसू दिली नाही. मी फडकं हातात घेतलं की म्हणायचे, "ठेव ते. पुस्तकावरची धूळ पूस जा." आता मी सांगलीत एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो.

चार वर्षांपूर्वी नानांचा डावा गुडघा क्लच दाबेना आणि कानांनी ऐकू येईना. ते गावी परत गेले. जाताना गाडी माझ्या घरापुढे उभी करून म्हणाले, "पासिंगची मुदत हाय तवर हुबी ऱ्हाऊ दे. मग भंगारात दे." मी मान हलवली. नानांपुढे मी नेहमीच मान हलवत आलो होतो.

तीन वर्षं ती ताडपत्रीखाली होती. मग मांजरीनं बॉनेटखाली पिलं घातली आणि ती काढायला मी ताडपत्री उचलली. पिलं शेजारच्यांच्या पोत्यावर नेऊन ठेवली आणि कशासाठी कोण जाणे, मी गाडीत बसलो. आत जंतुनाशकाचा आणि लोकरीचा वास अजून होता. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. नानांच्या तळहातानं ती मूठ एका बाजूला झिजली होती. ही गाडी भंगारात जाणार नाही, हे मी तिथंच ठरवलं. ठरवलेलं कोणाला सांगितलं नाही.

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीमागे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे गाडी ओढून नेली. ते स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिले. भिंतीपलीकडे कोणीतरी तार जुळवत होतं. मिस्त्री म्हणाले, "सर, ही हाय अजून. पर तुमाला जमंल का? हिला दामटून चालत न्हाई."

"शिकेन," मी म्हणालो.

"तुमी मुलांना असंच म्हणता का?"

"मुलं मला असंच म्हणतात."

ते हसले आणि त्यांनी काम घेतलं. कार्बोरेटर, ब्रेक, रेडिएटर, सगळंच. दोन महिने दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथं पाना हातात द्यायला बसलो. मग त्यांनी मला शेजारी बसून चालवायला शिकवलं. तिसरा गिअर टाकताना मी दोन आठवडे चुकत होतो. दर वेळी मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे, जणू त्यांचाच दात कोणी उपटतोय.

आणि मग एका रविवारी सकाळी मी एकटा तासगावच्या रस्त्याला लागलो. ते सुख कसं सांगावं मला कळत नाही, पण प्रयत्न करतो. ही गाडी चाळीसच्या वर नेली की कुरकुरते, म्हणून चाळीसच ठेवायची. रस्त्यावरचा प्रत्येक खडा स्टिअरिंगमधून हातात येतो. चढ आला की आधी इंजिनाचा आवाज जड होतो, मग आपण गिअर उतरवायचा, मग तिचा जीव मोकळा होतो, आणि त्याबरोबर आपलाही. बाजूला द्राक्षांच्या बागा. दुचाक्यांवरचे लोक मागून येऊन पुढं जातात आणि जाताना वळून हसतात. कोणी हात करतं. मला कुठं पोचायचं नव्हतं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

घरी ते पटायला वेळ लागला. पुढच्या रविवारी बायकोनं विचारलं, "कुठं निघालाय?"

"कुठं नाही."

"म्हणजे?"

"फिरून येतो."

"मग येताना कोथिंबीर आणा."

"नाही आणणार. कोथिंबीर आणायला गेलो की ते काम झालं."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप-बिप आहे का?" म्हणाली. त्या दिवशी मी कोथिंबिरीच्या चार हातगाड्यांसमोरून गेलो आणि थांबलो नाही. हे सोपं नव्हतं. आमच्या घरात कामाशिवाय कोणी उंबरा ओलांडला नव्हता. मेंढरंसुद्धा चारायलाच बाहेर काढायची असतात.

असे काही महिने गेल्यावर मला वाटलं, गाडी नानांना दाखवावी. आधी काही न कळवता मी विटा, मायणी करत दहिवडीच्या बाजूला निघालो. सकाळचे दहा वाजले असतील. गावात शिरताना रस्त्यात शेळी आडवी आली आणि मी हॉर्न वाजवला.

तिथं मी चुकलो.

पिठाची गिरणी थांबली. दारादारांत बायका आल्या. शेजारची म्हातारी कपाळावर हात मारत धावत आली, "आरं देवा, कोण गेलं रं? कुणाला आणलंस?" तिच्या सुनेनं आतला गॅस बंद केलेला मला ऐकू आला. आमच्याकडे गल्लीत मयत आलं की त्या घराचं उरकेपर्यंत कोणी चूल चालू ठेवत नाही.

नाना कट्ट्यावर बसले होते. ते काठी टेकत उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी काखेत धरली आणि माझ्याकडे न बघता सरळ गाडीच्या मागच्या दाराशी आले. दार उघडलं. आत वाकून पाहिलं.

"मागं कोण न्हाई?"

"नाही नाना. कोणी नाही."

"आं?"

"कोण न्हाई!" मी ओरडलो. "गाडी रिकामी हाय!"

"मग कशाला आलास?"

"सहज!"

"आं?"

"सहज आलोय! गाडी चालवायला बरं वाटतं म्हणून!"

हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग म्हातारी म्हणाली, "आगं बया! तुज्या सहजापायी माजी भाकरी तव्यावर कच्ची ऱ्हायली की रं!" आणि सगळे हसायला लागले.

नाना हसले नाहीत. "हितं लोकांचं काळीज हातात आलं आन् हा म्हंतोय सहज," ते म्हणाले. "ह्या सीटवर कोण कोण शेवटचं निजलं, ठावं हाय का तुला? मौजंची गाडी न्हाई ही." मग त्यांनी मागचं दार लावलं. आपटलं नाही. तळवा टेकवून हळूच, खटका बसेपर्यंत दाबलं. आत पेशंट असताना ते तसंच लावायचे. मी पाहत होतो. टोपी घालून ते घरात गेले.

परत येताना मी दोनदा तिसरा गिअर चुकलो. पण विटा मागं पडेपर्यंत माझं ठरलं होतं. लोकांना त्या हॉर्नची भीती बसली ती वर्षानुवर्षं गाडी दुःख घेऊन आली म्हणून. मग ती वर्षभर काहीच न घेता आली तर?

मी दर दुसऱ्या रविवारी जायला लागलो. वेशीवर मुद्दाम हॉर्न वाजवायचा, नानांजवळ बसायचं, चहा घ्यायचा, परत यायचं. दुसऱ्या खेपेला चार बायका बाहेर आल्या. तिसऱ्या खेपेला एकच. चौथ्या खेपेला गिरणी थांबली नाही आणि म्हातारी आतूनच ओरडली, "आला का रं आमचा सहज?"

नवीन अडचण त्यानंतरची. एकानं बायकोला पुढं करून विचारलं, "आवं मास्तर, रिकामी जायाची का गाडी? हिचं डोळं दाखवायचं हायत मिरजंला." आमच्याकडे गावातून निघालेलं चाक रिकामं जात नाही. मी एकदा नेलं. पुढच्या खेपेला नाना पहिल्यांदा खूश दिसले. "आता कसं! लागली कामाला," म्हणाले. ते ऐकून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली. मग मी कट्ट्यावर उभा राहून सगळ्यांना सांगितलं, "आजारी कोणी असेल तर कधीही फोन करा, शाळा सोडून येईन. पण साधं काम असेल तर एस.टी. आहे. रविवारी ह्या गाडीची मागची सीट रिकामी जाणार."

"मास्तर लय शिकलं आन् येडं झालं," कोणीतरी म्हणालं. मी तेही ऐकून घेतलं.

आता पासिंगची मुदत संपत आली आहे. मिस्त्रींनी गाडी तयार केली आहे. पण कागदावर मालक नाना आहेत, त्यांची सही लागते. मी फॉर्म नेऊन दिला. त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "बगू." पुढच्या खेपेला तोच फॉर्म, तशाच घडीचा, सही न करता त्यांनी माझ्या हातात ठेवला. "भंगारात दे म्हनलं हुतं."

गाडीत या, एक फेरी मारू, असंही मी म्हणालो. ते गाडीजवळ आलेसुद्धा नाहीत.

फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचं होतं ते गल्लीत ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. ते पत्र मात्र वाचतात. एकेका शब्दावर बोट ठेवून, शेवटपर्यंत. म्हणून परवा मी हे पत्र पाठवलं.

नाना,

पायांवर डोकं ठेवून लिहितो. फॉर्म पुन्हा पाठवतोय. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली आहे. पण आधी हे वाचा.

तुम्ही मला पहिल्यांदा मिरजेला आणलंत तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मागच्या सीटवर पलीकडच्या आळीतली आजी होती, तिचा मुलगा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी पुढं, मांडीवर पत्र्याची पेटी. आजी कण्हत होती. आणि मी काट्याकडं बघत होतो, तीस, चाळीस, पन्नास. छातीवर वारा येत होता. मला इतका आनंद झाला होता की मला रडू आलं. माणूस मरणाच्या दारात असताना आपण आनंदात आहोत, हे पाप आहे असं वाटून मी ते आजवर कोणाला सांगितलं नाही. आजी बरी झाली, तरीही नाही सांगितलं.

अजून एक. आजीला दवाखान्यात सोडल्यावर तुम्ही घरी गेला नाहीत. गाडी सांगलीला वळवलीत, कृष्णेच्या पुलावर. तिकोनी काच उघडलीत आणि मेंढरं वळवायची शिट्टी वाजवायला लागलात. मी विचारलं, नाना, हिकडं काय काम हाय? तुम्ही म्हणालात, इंजिन तापलंय, वारं लागू दे. पुढं मी किती वेळा तुमच्याबरोबर आलो. पेशंट सोडला की दर वेळी पूल, दर वेळी शिट्टी, दर वेळी इंजिन तापलेलं.

नाना, मी आता विज्ञान शिकवतो. तापलेलं इंजिन आणखी पाच मैल चालवून थंड होत नाही.

तुम्ही ज्यांना घेऊन आलात ती माणसं मी विसरलो नाही. वाकळ अजून मागच्या सीटवरच आहे, धुऊन ठेवली आहे. कोणाला लागली तर ती तिथं असेल. पण ती गाडी तुमचीही होती, आणि तुम्ही तिचा आनंद घेतलात, मी शेजारी बसून पाहिलंय. तुम्ही मला शिकवलंत म्हणून मी पाहिलेलं खोटं म्हणू शकत नाही. आजवर तुम्ही म्हणाल त्याला मी मान हलवली. ह्या एका गोष्टीला हलवणार नाही.

येत्या रविवारी आठ वाजता येतो. सही केली असेल तर फॉर्म खिशात ठेवून कट्ट्यावर बसा. केली नसेल तरी बसा. पुढच्या सीटवर तुम्ही बसायचं. मी तिसरा गिअर चुकलो तर बोला. कुठं निघालो म्हणून गल्लीत कोणी विचारलं तर सांगा, इंजिनाला वारं द्यायला.

तुमचा,
पेटीवाला पुतण्या