शतावरीच्या मळ्यातला शिपाई

एलेउतेरिओ दाकानाय अठराव्या वर्षी फिलिपिन्सच्या इलोकोस भागातलं गाव सोडून बोटीनं कॅलिफोर्नियात आला. तीन वर्षांत परत येतो, असं आईला सांगून आला होता. तेरा वर्षं उलटली तरी तो स्टॉकटनजवळच्या मळ्यांत शतावरीचे कोंबच कापत होता. पहाटेपासून कमरेत वाकून ओळ धरायची, लांब दांड्याच्या सुरीनं एकेक कोंब बुडातून तोडायचा. काळी माती इतकी भुसभुशीत, की वारा सुटला की अंगभर खाज उठे. हंगाम संपला की द्राक्षं, मग पुन्हा शतावरी. गावातल्या हॉटेलांच्या दारांवर फिलिपिनोंना मज्जाव असल्याच्या पाट्या असत. त्या वाचायचंही त्यानं सोडून दिलं होतं.

जपानी फौजा मायदेशात उतरल्या, तेव्हा तो आणि त्याच्याच खोपीत राहणारा मजूर पेलाहिओ अमेरिकी सैन्यात भरतीला गेले. आधी परके म्हणून परत पाठवलं. पुढे फिलिपिनोंचीच पायदळ पलटण उभी राहिली, तेव्हा घेतलं. वयानं मोठा म्हणून पेलाहिओला सगळे मनोंग, म्हणजे दादा म्हणत. गोळीबाराखाली वाकून कसं पळायचं ते सार्जंट शिकवू लागला, तेव्हा पेलाहिओ म्हणाला, "साहेब, आम्ही कितीतरी वर्षं वाकूनच चालतोय. सरळ उभं राहायचं तेवढं शिकवा."

एका सकाळी शेकडो जणांना मैदानात हात वर करायला लावून अमेरिकेचे नागरिक करून टाकलं. "काल चालत नव्हतो, आज चालतो," पेलाहिओ म्हणाला. "मरायला जायचंय ना."

मायदेशातल्या समार बेटावर, जपान्यांशी लढत नदी ओलांडताना तो खरंच गेला. एलेउतेरिओनं त्याला पुरायला मदत केली आणि तिथंच चिखलात बसल्या बसल्या झोपला. रडायलाही अंगात त्राण नव्हतं. त्याला कुणीतरी उठवलं, चालवत नेलं. नंतर हिवतापानं तो महिनाभर पडून होता.

लढाई थांबल्यावर रजा मिळाली. सोळा वर्षांनी तो दारात उभा राहिला, तेव्हा आईनं आधी गणवेशाला नमस्कार केला, मग आवाज ओळखला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. 

आठ दिवसांत तिनं त्याच्या लग्नासाठी शेजारच्या बासिलिसाचं नाव काढलं. नवरा लढाईत गेलेला, तिशीतली बाई. एलेउतेरिओला ते पटेना. तो स्वतःच तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "मी पार थकलोय. तिथं काही सुख नाही. मळे आणि धूळ, बस्स. तुला कशाला त्यात ओढू?"

बासिलिसा भात कांडत होती. मुसळ न थांबवता ती म्हणाली, "आणि मी इथं चार वर्षं काय पाय पसरून बसले होते?"

त्याला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. रजा संपायच्या आत लग्न लागलं. पुढल्या वर्षी ती बोटीनं कॅलिफोर्नियात आली. तोवर तो मळ्यावर परतला होता. तिला फळं डबाबंद करायच्या कारखान्यात काम मिळालं. दोन खोल्या घेतल्या. जो आधी घरी येई तो भात टाकी. जेवताना दोघं फारसं बोलत नसत. दमलेली असत.